मालकाची गरज, भाडेकरूचे घर आणि उचलून नेलेला तराजू

"आम्हाला स्वतःलाच राहायला घर हवे आहे. दोन महिन्यांत रिकामे करा." बंगळूर शहरात भाड्याने राहणाऱ्या कामगार-कर्मचाऱ्यांना हे वाक्य नवे नाही. करार अकरा महिन्यांचा असतो. त्यातले पाच-सहा महिनेच उलटलेले असतात. भाडे थकलेले नसते, शेजाऱ्यांची तक्रार नसते, भिंतीत खिळासुद्धा मालकाला विचारून ठोकलेला असतो. तरीही या एका वाक्यापुढे भाडेकरूचे काही चालत नाही. मालकालाच गरज आहे म्हटल्यावर बोलायचे काय, असे समजून तो मुकाट्याने सामान बांधू लागतो.

या प्रश्नाला दोन उत्तरे सर्रास दिली जातात आणि दोन्ही चुकीची आहेत. पहिले उत्तर मालमत्तेच्या हक्काच्या वकिलांचे. घर ज्याचे आहे त्याला ते हवे तेव्हा मिळालेच पाहिजे. त्याची गरज खरी की खोटी हे विचारणारे तुम्ही कोण, असा त्यांचा सवाल असतो. दुसरे उत्तर आपल्याच गोटातून उतावीळपणे दिले जाते. घरमालक म्हणजे शोषक, त्याची गरज म्हणजे लबाडीच असणार, तेव्हा घर सोडायचेच नाही. पहिल्या उत्तराने भाडेकरू रस्त्यावर येतो. दुसऱ्या उत्तराने चळवळ एकाकी पडते. कारण आयुष्यभर कारखान्यात राबून एक माडी बांधणारा निवृत्त कामगार आणि शेकडो घरांचे भाडे गोळा करणारी कंपनी यांत ते काहीच फरक करीत नाही.

आमचे म्हणणे निराळे आहे. मालकाची गरज खरी असू शकते. भाडेकरूची गरज तर असतेच. या दोन गरजा समोरासमोर ठेवून तोलण्याचा एक तराजू या देशात होता. तो कोणाच्या दयेने मिळालेला नव्हता. गेल्या पंचवीस वर्षांत हा तराजू गाजावाजा न करता उचलून नेण्यात आला. तो परत मिळवणे हाच या प्रश्नाचा गाभा आहे.

तराजू कोठून आला?

पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात दारूगोळ्याचे कारखाने आणि जहाजबांधणीच्या गोद्या रात्रंदिवस चालू लागल्या. कामगारांची गर्दी झाली आणि घरमालकांनी भाडी चढवली. नवरे आघाडीवर असलेल्या कामगार स्त्रियांवर घर सोडण्याच्या नोटिसा बजावल्या जाऊ लागल्या. १९१५ साली मेरी बार्बर आणि त्यांच्या साथीदार स्त्रियांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले, जप्तीला येणाऱ्या अंमलदारांना गल्लीतच अडवले, आणि गोद्यांतील कामगार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. युद्धसामग्रीचे उत्पादन थांबेल या धास्तीने ब्रिटिश सरकारला त्याच वर्षी भाडी गोठवणारा आणि भाडेकरूला संरक्षण देणारा कायदा करावा लागला.

हिंदुस्थानात तीच कारणे तोच परिणाम घेऊन आली. मुंबईत १९१८ साली युद्धकालीन भाडेनिर्बंधांचा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ साली मुंबईचा व्यापक भाडे कायदा आला. म्हैसूर राज्यात १९५१ साली घरभाडे व निवास नियंत्रणाचा कायदा झाला आणि त्याची जागा १९६१ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घेतली. बंगळूरच्या भाडेकरूचे संरक्षण पुढची चाळीस वर्षे या १९६१ च्या कायद्यावर उभे होते.

या कायद्याने मालकाची गरज नाकारली होती काय? मुळीच नाही. त्याच्या एकविसाव्या कलमात मालकाला स्वतःच्या राहण्यासाठी घर 'वाजवी आणि प्रामाणिकपणे' हवे असणे हे घर परत मिळवण्याचे एक रीतसर कारण म्हणून नमूद होते. पण त्याच कलमात पुढे न्यायालयावर एक जबाबदारी टाकली होती. मालकाला दुसरे योग्य घर उपलब्ध आहे काय, भाडेकरूला आहे काय, ताबा देण्याचा हुकूम केला तर अधिक हाल कोणाचे होतील आणि न केला तर कोणाचे, हे सर्व तपासूनच निकाल द्यावा लागे. भाडेकरूचे हाल अधिक होणार असतील तर मालकाची गरज खरी असूनही हुकूम मिळत नसे. मुंबईच्या १९४७ च्या कायद्यातही हीच तरतूद होती. आम्ही ज्याला तराजू म्हणतो तो हा.

मुंबईच्या कायद्याने आणखी एक अडसर घातला होता आणि तो मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. स्वतःला राहायचे आहे असे सांगून मालकाने घर मिळवले, पण महिन्याभरात तो तेथे राहायला आला नाही, किंवा वर्षाच्या आत त्याने ते दुसऱ्याच कोणाला भाड्याने दिले, तर जुना भाडेकरू न्यायालयात जाऊन आपले घर पूर्वीच्याच अटींवर परत मागू शकत असे. म्हणजे गरज केवळ बोलून चालत नसे. घर मिळाल्यानंतर ती वागून सिद्ध करावी लागे.

तराजू कसा उचलला गेला?

उदारीकरणाचे वारे सुटल्यावर भाडे नियंत्रणाविरुद्ध मोठी ओरड सुरू झाली. मालकांची बाजू अगदीच निराधार होती असे नाही. मुंबईत प्रमाणभाडे १९४० च्या पातळीवर गोठलेले होते आणि ते तसेच ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही, असे १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले. ज्या भाड्यात इमारतीची डागडुजीही होत नाही, त्या भाड्याचे समर्थन करीत बसणे हे भाडेकरूंच्या हिताचे नव्हतेच. गळके छप्पर त्यांच्याच डोक्यावर होते.

परंतु भाडे वाजवी करणे ही एक गोष्ट आणि राहण्याची हमी काढून घेणे ही दुसरी गोष्ट. सत्ताधाऱ्यांनी पहिलीच्या नावाखाली दुसरी उरकून घेतली. कर्नाटकाचा १९९९ चा भाडे कायदा ३१ डिसेंबर २००१ पासून अंमलात आला. बंगळूरसारख्या शहरांत ज्या घराचे महिन्याचे भाडे ३,५०० रुपयांहून अधिक असेल, त्या घराला हा कायदा लागूच होणार नाही, असे त्यात लिहून ठेवले गेले. भाडी वाढत गेली, पण रुपयांचा हा आकडा जागेवरच राहिला तर काय होते हे समजायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. दोन खोल्यांच्या साध्या घरालाही याच्या कितीतरी पट भाडे मोजावे लागणाऱ्या शहरात कायद्याचे छत्र आपोआप मिटत गेले. त्यासाठी विधानसभेत कोणाला हात वर करावा लागला नाही. भाववाढीनेच भाडेकरूला कायद्याबाहेर काढले.

कायद्याबाहेर काढलेला भाडेकरू गेला कोठे? तो १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या हवाली झाला. इंग्रजी अमदानीतल्या त्या कायद्याप्रमाणे महिन्यामहिन्याची भाडेदारी पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येते. १९६१ च्या कायद्याच्या आधाराने उभे राहिलेले एक अख्खे शहर अशा रीतीने १८८२ सालात नेऊन सोडण्यात आले, आणि याला 'सुधारणा' असे नाव देण्यात आले.

अकरा महिन्यांचा कागद

बंगळूरचा भाडेकरार अकराच महिन्यांचा का असतो? वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. अकरा महिन्यांत ती नोंदणी आणि तिचा खर्च टळतो. सोय दोघांचीही आहे असे सांगितले जाते. पण या कागदाला सरकारदरबारी नोंद नाही, आणि बाराव्या महिन्याला आपण कोठे असू याचा भरवसा नाही. या दोन्हींची झळ भाडेकरूलाच लागते.

तरीही एक गोष्ट प्रत्येक भाडेकरूने समजून घेतली पाहिजे. करार ठरावीक मुदतीचा असेल तर केवळ स्वतःला गरज आहे म्हणून मधेच घर परत घेण्याचा अधिकार हा जुना कायदासुद्धा मालकाला देत नाही. भाडेकरूने अटी मोडल्या नसतील तर मुदत मालकालाही बांधून ठेवते. मग दोन महिन्यांची ही नोटीस येते कोठून? ती येते कराराच्या छापील कागदावरील एका ओळीतून. 'कोणत्याही पक्षास दोन महिन्यांची पूर्वसूचना देऊन हा करार संपुष्टात आणता येईल.' मुद्रांकाच्या कागदावर आधीच टंकलेली ही ओळ न वाचता भाडेकरू सही करतो. आणि वाचली तरी ती खोडण्याची ताकद घर शोधून दमलेल्या माणसात नसते.

'कोणत्याही पक्षास' या दोन शब्दांत भांडवली कायद्याची सारी समता सामावलेली आहे. कागदावर दोघे सारखे. व्यवहारात काय होते ते हिशेब मांडून पाहू.

समजा, मिरजेहून बंगळूरला आलेले एक कुटुंब आहे. नवरा एका कारखान्यात कंत्राटी यंत्रचालक, बायको शिवणकाम करते, मुलगी सातवीत. घरभाडे पंधरा हजार रुपये. दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून आधीच द्यावे, ही या शहराची जुनी रीत. म्हणजे दीड लाख रुपये मालकाच्या हाती. सहाव्या महिन्यात मालक म्हणतो, आम्हालाच घर हवे आहे. आता या कुटुंबाने नवे घर शोधायचे. नव्या मालकाला अनामत आगाऊ द्यायची, जुनी मिळणार किल्ली परत केल्यावर, आणि तीसुद्धा रंगकामाच्या नावाने एक महिन्याचे भाडे कापून. दलाल एक महिन्याचे भाडे घेणार. दलाली आणि रंगकाम मिळून तीस हजार गेले. टेम्पोचे भाडे निराळे, बुडलेली मजुरी निराळी. मधल्या दिवसांपुरते दीड लाख उभे करायला सावकाराचे व्याज निराळे. वार्षिक परीक्षा जवळ आली असेल तर मुलीच्या वर्षाचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा?

हीच पूर्वसूचना भाडेकरूने दिली तर मालकाचे काय होते? त्याला दुसरा भाडेकरू शोधावा लागतो. एकाचे घर जाते, दुसऱ्याचे फार तर एका महिन्याचे भाडे. या दोन गोष्टी एकाच वाक्यात बसवून त्याला समान अधिकार म्हणणे ही शुद्ध धूळफेक आहे.

याच शहरात 'भोग्य' नावाची आणखी एक पद्धत आहे. भाडेकरू लाखांची एकरकमी रक्कम मालकाला देतो आणि दरमहा भाडे न देता मुदतीपर्यंत राहतो. मुदत संपली की रक्कम परत. मालकाने त्या पैशाचे काय केले असेल याची भाडेकरूला खबर नसते. अशा घराची मालकाला मधेच 'गरज' लागली आणि हाती पैसे नसले, तर भाडेकरूची आयुष्याची पुंजी तोंडी आश्वासनावर लटकते. घर बँकेकडे गहाण असले तर संकट दुहेरी. तेथे नियम एकच असू शकतो : आधी रक्कम, मग किल्ली.

गरज आणि तिचा मुखवटा

'आम्हालाच घर हवे' हे वाक्य किती वेळा खरे असते? याचा आकडा कोणी मोजलेला नाही, आणि आम्ही तो हवेतून काढणार नाही. पण या वाक्याचा मोह मालकाला केव्हा पडतो हे ओळखणे कठीण नाही. महासाथीनंतर कंपन्यांनी नोकरांना पुन्हा कचेरीत बोलावले आणि २०२२-२३ मध्ये बंगळूरची भाडी झपाट्याने चढली. करारात वर्षाला ठरावीक टक्क्यांपलीकडे वाढ नाही. बाहेर तर त्याच घराला कितीतरी अधिक देणारा गिऱ्हाईक उभा आहे. अशा वेळी मुलाचे लग्न, गावाहून येणारी आई, परदेशातून परतणारा भाऊ ही सारी माणसे एकदम घर मागू लागतात, आणि भाडेकरू गेल्यावर पंधरा दिवसांत त्या घरावर पुन्हा 'भाड्याने देणे आहे' ही पाटी लागते. जुन्या मुंबई कायद्यातील एक वर्षाची अट याच लबाडीवर बोट ठेवण्यासाठी होती. आज बंगळूरच्या अकरामाही कागदात तिचा मागमूस नाही.

न्यायालयांची भाषाही या काळात बदलत गेली आहे. काश्मीरमधून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की मालकाच्या मागणीत गरजेचा अंश असला पाहिजे, नुसती इच्छा पुरेशी नाही. पुढे १९९९ च्या एका निकालात न्यायाधीशाने स्वतःला मालकाच्या जागी ठेवून विचार करावा आणि त्याची इच्छा प्रामाणिक आहे की बहाणा आहे ते पाहावे, असे सांगितले गेले. बहाणा नसावा ही कसोटी दोन्हीकडे आहे, हे मान्य. पण मालकाच्या खुर्चीत बसून पाहणाऱ्या न्यायाधीशाने भाडेकरूच्या चटईवरही एकदा बसून पाहावे, ही अपेक्षा अवास्तव नाही. १९६१ चा कायदा त्याला तसे करण्यास बांधून घेत होता.

खरी गरज असलेल्या मालकाला आमचे उत्तर

आता नाण्याची दुसरी बाजू. ती टाळून चालणार नाही.

बंगळूर ही सार्वजनिक उद्योगांची नगरी. विमाने, दूरध्वनी, यंत्रे, घड्याळे, इलेक्ट्रॉनिक सामग्री येथेच तयार झाली. १९८०-८१ मध्ये याच उद्योगांतील कामगारांनी सत्त्याहत्तर दिवसांचा संप लढवला. अशाच एखाद्या कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार डोळ्यांसमोर आणा. भविष्य निर्वाह निधी आणि सोसायटीच्या भूखंडावर त्याने खाली एक आणि वर एक असे घर बांधले. तुटपुंज्या निवृत्तिवेतनाला वरच्या मजल्याच्या भाड्याचा टेकू आहे. एके दिवशी मुलाची नोकरी जाते आणि तो बायकोमुलांसह परत येतो. किंवा म्हाताऱ्याला पक्षाघात होतो आणि सेवेसाठी मुलीला जवळ आणावे लागते. हा माणूस वरचा मजला मागतो तेव्हा तो शोषक म्हणून मागत नाही. त्याच्या दारात निदर्शने करणारी चळवळ उद्या कोणाच्या दारात मते मागायला जाणार?

एंगेल्स यांनी १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लिहिताना प्रुधोंवाद्यांची हीच चूक दाखवून दिली होती. मालक-भाडेकरू संबंध म्हणजे भांडवलदार-कामगार संबंधच, असे मानणे त्यांना मान्य नव्हते. वरकड मूल्य कारखान्यात निर्माण होते. घरभाडे हा राहण्याच्या जागेच्या खरेदीविक्रीचा व्यवहार आहे, आणि घरांची टंचाई ही भांडवली व्यवस्थेची उपज आहे. याचा अर्थ भाडेकरूला वाऱ्यावर सोडा असा नव्हे. अर्थ इतकाच की वरच्या मजल्याच्या म्हाताऱ्याला शत्रू ठरवून टंचाई संपत नाही.

टंचाई कोणाची आहे ते सरकारी आकडेच सांगतात. २०११ च्या जनगणनेत देशातील शहरांत एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. २०१२ साली केंद्र सरकारच्याच तज्ज्ञ गटाने शहरांत सुमारे एक कोटी ८८ लाख घरांची उणीव असल्याचे आणि त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक उणीव गरीब व अल्प उत्पन्न गटांची असल्याचे सांगितले. एकीकडे कुलूप लावलेली घरे, दुसरीकडे घर नसलेली माणसे. निवृत्त कामगार आणि कंत्राटी कामगार एका जिन्यावर एकमेकांशी भांडत राहतात, तेव्हा ही कुलपे सुरक्षित राहतात.

आणि हे भांडण भाषेचे करू पाहणाऱ्यांपासून सावध राहिले पाहिजे. मालक कानडी, भाडेकरू मराठी. म्हणून घर गेले, असे कुजबुजणारे भेटतात. बंगळूरच्या सराफ बाजारात सांगलीकडच्या दुष्काळी तालुक्यांतून आलेले गलाई कारागीर आहेत, कारखान्यांत बेळगावचे तरुण आहेत. ते भाड्याने राहतात. बेळगावात मराठी घरमालकाच्या घरी कन्नड भाडेकरू राहतो, आणि दोन महिन्यांची नोटीस त्यालाही मिळते. छापील कागदातील ती ओळ कोणत्याही भाषेत सारखीच वाचली जाते.

बाहेरचे जग आणि केंद्राचा नमुना

मालकाची गरज मान्य करूनही भाडेकरूला सांभाळता येते काय? ज्या भांडवली देशांची उदाहरणे आमचे सुधारणावादी उठताबसता देतात, तेथेच पाहू. जर्मनीत मालकाला स्वतःच्या किंवा कुटुंबीयांच्या राहण्यासाठी घर परत मागता येते. पण त्याला कारण लेखी द्यावे लागते. सूचनेची मुदत तीन महिने. भाडेकरू पाच वर्षांहून अधिक राहिला असेल तर सहा महिने, आठ वर्षांहून अधिक राहिला असेल तर नऊ महिने. वय, आजारपण, दुसरे घर न मिळणे अशा कारणांवर भाडेकरू हरकत घेऊ शकतो आणि न्यायालय दोघांच्या अडचणी तोलते. ठरावीक मुदतीचा करार असेल तर मालकाला तो केवळ गरजेसाठी मधेच संपवता येत नाही. इंग्लंडमध्ये २०२५ साली संमत झालेल्या कायद्यात मालकाला स्वतः राहायला यायचे असेल तर चार महिन्यांची सूचना द्यावी लागते, भाडेदारीच्या पहिल्या वर्षात तर या कारणाने घर परत घेताच येत नाही, आणि घर मिळवल्यानंतर वर्षभर ते पुन्हा भाड्याने देण्यास मनाई आहे. १९४७ च्या मुंबईत जे होते तेथे इंग्लंड २०२५ मध्ये पोहोचत आहे. आणि आपण ते सुधारणा म्हणून मोडून टाकले!

केंद्र सरकारने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेदारी कायद्याला मंजुरी दिली. त्याची स्तुतिस्तोत्रे गाणाऱ्यांनी तो नीट वाचावा. राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरतीच असावी, करार लेखी असावा, मालकाने वीज-पाणी तोडू नये, या त्यातल्या तरतुदी चांगल्या आहेत आणि आपण त्या हक्काने मागितल्या पाहिजेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कराराच्या मुदतीत भाडेकरूला काढण्याची जी कारणे त्यात दिली आहेत, त्यांत हयात मालकाची स्वतःची गरज हे कारणच नाही. मालक मरण पावला आणि त्याच्या वारसांना खरी गरज असली तरच मुदतीत तसा अर्ज करता येतो. मालकधार्जिण्या सरकारचा नमुनाही जे देत नाही, ते बंगळूरचा छापील कागद एका ओळीत देऊन टाकतो!

पण याच नमुन्यात विषही आहे. भाडे पूर्णपणे बाजारावर सोडले आहे. मुदत संपल्यावर भाडेकरू राहिला तर पहिले दोन महिने दुप्पट आणि नंतर चौपट भाडे. निवाडा दिवाणी न्यायालयाकडून काढून आधी जिल्हाधिकाऱ्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. अकरा महिने सुरक्षित आणि बाराव्या महिन्याला चौपटीचा धाक, ही हमी नव्हे. शिवाय हा केवळ नमुना आहे. राज्याने कायदा केल्याखेरीज त्यातील एक अक्षरही भाडेकरूच्या कामी येत नाही.

काय मागायचे, काय करायचे?

पहिली मागणी : भाडे कितीही असो, प्रत्येक राहत्या घराला भाडे कायदा लागू झाला पाहिजे, ३,५०० रुपयांची भिंत पाडली पाहिजे. दुसरी : मुदतीच्या आत स्वतःच्या गरजेसाठी घर मागण्याची मुभा फक्त त्या व्यक्तीला, जिला राहण्यासाठी दुसरे घर नाही, कंपनीला आणि अनेक घरांच्या धन्याला ती मुभा नको. तिसरी : कारण लेखी, सूचना किमान चार महिन्यांची, आणि शाळकरी मुले असतील तर परीक्षा होईपर्यंत सवड. चौथी : वाद झाल्यास कोणाचे हाल अधिक, हे तोलण्याची जुनी जबाबदारी न्यायालयावर पुन्हा टाकली पाहिजे. पाचवी : अनामत दोन महिन्यांपुरती, ती किल्लीबरोबर हातोहात परत, आणि मुदतीआधी घर मागणाऱ्याने दलाली व वाहतुकीचा खर्च सोसावा. सहावी : घर मिळवून वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिले तर जुन्या भाडेकरूला परतण्याचा हक्क. सातवी, आणि सर्वांत मूलभूत : सरकारने कामगारांसाठी भाड्याची घरे बांधावीत. ज्या शहरात सार्वजनिक कारखान्यांनी एकेकाळी कामगारांच्या वसाहती उभारल्या, तेथे हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये.

निवृत्त कामगारालाही यातील एकही मागणी जाचक नाही. त्याची गरज खरी असेल तर त्याला घर मिळते. फक्त ते दुसऱ्याला उघड्यावर टाकून मिळत नाही.

कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. सही करण्यापूर्वी कराराची ती ओळ वाचा, आणि मालकाची सूचना किमान चार महिन्यांची करून घेण्याचा आग्रह धरा. तोंडी सूचनेवर घर सोडू नका. कारण लिहून मागा. भाड्याची प्रत्येक पावती जपा. कुलूप बदलले, सामान बाहेर फेकले तर घाबरून गावी निघून जाऊ नका. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या सहाव्या कलमाप्रमाणे, कायद्याच्या मार्गाशिवाय ज्याला घराबाहेर काढले त्याला सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. घर कोणाच्या मालकीचे हा प्रश्न त्या दाव्यात आड येत नाही. आणि एकट्याने भांडू नका. कामगार संघटनांनी भाडेकरूचा प्रश्न कारखान्याच्या फाटकाबाहेरचा म्हणून झटकून टाकू नये. पगारवाढीसाठी महिनोन्‌महिने लढायचे आणि मिळालेली वाढ घरभाड्यात निघून जाताना पाहत राहायचे, यात शहाणपण नाही.

एखाद्या वस्तीत खरी गरज असलेला मालक आणि अडलेला भाडेकरू यांना समोरासमोर बसवून अनामत, मुदत आणि खर्च यांचा लेखी समझोता आपल्या कार्यकर्त्यांनी घडवून आणला, तर तेथे त्यांच्या शब्दाला किंमत येईल. तोच कार्यकर्ता उद्या खोट्या गरजेचा मुखवटा फाडायला उभा राहील तेव्हा तो निवृत्त म्हाताराही त्याच्या बाजूने साक्ष देईल.

गरज खरी की खोटी हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा आहे त्याच्यापाशीच ठेवला, तर प्रत्येक गरज खरीच ठरणार. ग्लासगोच्या स्त्रियांना हे १९१५ मध्ये कळले होते. तराजू परत आणा, ही आपली मागणी आहे. आणि तो सर्वांसमोर, चव्हाट्यावर मांडा.